लघु आणि गुरु

आमच्या भाषेने वजनाची फार बूज राखली आहे. ज्याच्या शब्दाला चारचौघांत किंमत असते त्याचे 'वजन' असते. ज्याची मुद्रा पाहून पोरेटोरे गप्प बसतात तो 'भारदस्त'. आणि ज्याला काही पोच नाही तो बिचारा 'हलका'. मूल महिन्याचे झाले की आजी त्याला उचलून पाहते आणि 'बाळसे चांगले धरले आहे हो' म्हणून बोटे मोडते. लग्नानंतर वर्षभराने जावई दाराशी आला आणि त्याच्या सदऱ्याची गुंडी ताणलेली दिसली, की 'सुख मानवले' म्हणून सासूबाई समाधान पावतात. फार काय, ज्या व्यवसायावर आमचे पोट चालते त्याचे नावही ह्या पक्षपाताची साक्ष देते. 'गुरु' ह्या शब्दाचा मूळ अर्थच 'जड' असा आहे. आम्ही एका महाविद्यालयात गेली अठ्ठावीस वर्षे गणित शिकवीत आहो. नोकरीला लागलो तेव्हा आमचे वजन 58 किलो होते. आज ते 81 आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आमचे गुरुत्व वाढले की नाही हे सांगता येत नाही. घरच्या काट्याने मात्र ते केव्हाच मान्य केले आहे.

परंतु जगात एक क्षेत्र असे आहे की जेथे ह्या सगळ्या मानमरातबाची उलटापालट होते. ते क्षेत्र म्हणजे लांब पल्ल्याची धाव. लहानपणी वडील आमच्याकडून वृत्ते घोकून घेत. लघु अक्षराला एक मात्रा आणि गुरु अक्षराला दोन, हा त्यातला पहिला धडा. जड अक्षर उच्चारायला दुप्पट वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ. मॅरेथॉनच्या शास्त्राचा पहिला धडाही हाच आहे हे आम्हांस फार उशिरा कळले. आणि त्या शास्त्राला दुसराही धडा आहे हे कळायला त्याहून अधिक उशीर लागला. तो उशीर आमच्या घरात एका मुलीला भोवला. त्याची हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहो.

10 ऑगस्ट 2024. श्रावणी शनिवार होता. आदल्या दिवशी नागपंचमी झाली होती, आणि उरलेली पुरणाची दिंडे पुन्हा वाफवून, वर साजूक तुपाची धार सोडून, आमच्या पत्नीने पुढ्यात ठेवली होती. समोर पडद्यावर पॅरिसच्या ऑलिंपिकमधील पुरुषांची मॅरेथॉन चालू होती. शेजारी आमची पुतणी बसली होती. गावी वरच्या शिक्षणाची सोय नाही म्हणून आमच्या धाकट्या बंधूने तिला 2021 साली आमच्याकडे पाठविले. 'दादा, आता ही तुमची' एवढेच तो निघताना म्हणाला होता.

आम्हांस आकड्यांचे व्यसन आहे. शाळा सुटल्यापासून बस पकडण्यापलीकडे आम्ही कधी धावलो नाही; पण कोणी, केव्हा, किती तास, मिनिटे आणि सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली ह्याची कोष्टके आम्हांस तोंडपाठ आहेत. आणि त्या दिवशी पॅरिसच्या रस्त्यावर असे दोन गृहस्थ धावत होते, की ज्यांची कोष्टके आम्ही एकवीस वर्षे मांडीत आलो होतो. एक केनियाचे एल्यूड किपचोगे आणि दुसरे इथिओपियाचे केनेनिसा बेकेले.

ह्या दोघांची गाठ प्रथम जगाने पाहिली तीही पॅरिसलाच. 2003 च्या ऑगस्टअखेर जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरची अंतिम शर्यत होती. बेकेले एकवीस वर्षांचे होते आणि 10,000 मीटरचे पदक त्यांनी आठवड्यापूर्वीच खिशात घातले होते. मोरोक्कोचे हिशाम अल् गेरूज हे 1,500 मीटरचे अनभिषिक्त सम्राट होते. ह्या दोघांच्या मधून अठरा वर्षांचा, फारसा कोणाला ठाऊक नसलेला किपचोगे पुढे सरकला आणि अल् गेरूज ह्यांना त्याने एका सेकंदाच्या चार शतांशांनी मागे टाकले. बेकेले तिसरे आले. पुढे बेकेले ह्यांनी 5,000 आणि 10,000 मीटरचे विश्वविक्रम केले, तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. किपचोगे मैदान सोडून रस्त्यावर उतरले. 2016 आणि 2021 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिकांतील मॅरेथॉन त्यांनी जिंकली, आणि 2022 साली बर्लिनला 2 तास 1 मिनिट 9 सेकंद ही वेळ नोंदविली. व्हिएन्नाला 2019 साली त्यांनी दोन तासांची सीमाही ओलांडून दाखविली. पण साथीदारांच्या तुकड्या बदलून घेतलेली ती धाव विक्रमांच्या वहीत चढली नाही.

आता एवढ्या पराक्रमी पुरुषांची शरीरे पाहावी, तर आपल्याकडील कोणत्याही आजीने त्यांना पाहून हळहळावे आणि दोन लाडू हातावर ठेवावे. मनगटे काडीसारखी, गालफडे बसलेली, पोटऱ्या नसल्यातच जमा. आपल्या भाषेत ह्या शरीराला एक न्याय देणारा शब्द आहे, तो म्हणजे 'काटक'. भारतातून ऑलिंपिकला पहिले पथक गेले ते 1920 साली, अँटवर्पला. त्यामागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा आणि दोराबजी टाटांचा पुढाकार होता. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. वेळ 2 तास 50 मिनिटे, आणि तीही नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गावर. त्याच पथकात आपले मल्लही होते. आखाड्याला मांस हवे असते आणि रस्त्याला ते नकोसे असते.

नकोसे का, ह्याचा हिशेब फार सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच घातक आहे. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक उष्मांक खर्च होतो. मॅरेथॉनचे अंतर 42 किलोमीटर आणि वर 195 मीटर. म्हणजे 60 किलोच्या मनुष्यास अडीच हजार उष्मांक लागणार, आणि आमच्यासारख्यास जवळजवळ साडेतीन हजार. आता ह्या खर्चासाठी हाताशी असलेली रोकड किती? स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने जी साखर साठविलेली असते ती सुमारे दोन हजार उष्मांकांची. ती संपत आली की शरीर मेदाकडे वळते. मेद सर्वांजवळ विपुल असतो. पण तो जमिनीत गाडलेल्या धनासारखा, गरजेच्या वेळी भराभर उकरून काढता येत नाही. म्हणून तीस किलोमीटरच्या सुमारास पुष्कळांचे पाय एकाएकी शिशाचे होतात. धावणारे लोक ह्याला 'भिंत लागली' असे म्हणतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कोणत्याही आकृतीची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट, हे आम्ही दरवर्षी पहिल्या वर्गाला फळ्यावर काढून दाखवितो. धावताना उष्णता निर्माण होते ती घनफळात आणि बाहेर पडते ती कातडीवाटे. म्हणून मोठा देह जितका तापतो तितका निवत नाही. तिसरी गोष्ट अशी की, वजन कोठे आहे ह्यालाही महत्त्व आहे. दर पावलाला पाय पुढे फेकावा लागतो. बुटांच्या प्रत्येक नगात शंभर ग्रॅमची भर घातली तर एकूण श्रम सुमारे एक टक्क्याने वाढतो. पायाच्या टोकाला बांधलेले शंभर ग्रॅम आणि कमरेला बांधलेले शंभर ग्रॅम ह्यांची किंमत सारखी नाही. केनियाच्या धावपटूंच्या त्या बारीक पोटऱ्यांचे मोल ह्यात आहे.

वजनाचा हा महिमा आम्हांस विशेष पटला तो बेकेले ह्यांच्या चरित्रावरून. मैदानावरील वैभवाचे दिवस सरले, दुखापती जडल्या, मॅरेथॉन अर्ध्यावर सोडण्याचे प्रसंग आले. त्यांचे वजन वाढले असल्याची चर्चाही उघडपणे होऊ लागली. आणि मग 29 सप्टेंबर 2019 रोजी बर्लिनच्या पावसात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हा पुरुष पुन्हा सडसडीत होऊन उभा राहिला. शर्यतीच्या उत्तरार्धात तो मागे पडला, पुन्हा पुढच्याला गाठून पुढे गेला आणि 2 तास 1 मिनिट 41 सेकंदांत पोहोचला. किपचोगे ह्यांचा त्या वेळचा विश्वविक्रम त्याहून अवघ्या दोन सेकंदांनी सरस होता. आम्ही त्या रात्री झोपलो नाही. आमच्या मनाने ह्या कथेतून एकच सार काढले: वय आपल्या हाती नाही, पण वजन आहे.

हे सार आम्ही स्वतःस लावले असते तर काही बिघडले नसते. पण उपदेश हा पदार्थ स्वतः खाण्यापेक्षा वाढण्यात अधिक गोडी आहे. आमची पुतणी महाविद्यालयात गेल्यावर धावू लागली होती. पहाटे टेकडीला जाई, आठवड्यातून दोन दिवस मैदानावर जाई. 2022 च्या पावसाळ्यात तिने पहिली अर्धमॅरेथॉन 98 मिनिटांत पुरी केली आणि पदक घेऊन आमच्या पाया पडायला आली. आम्ही आशीर्वाद दिला आणि लगेच विचारले, "वजन किती तुझे?" ती म्हणाली, "बावन्न, काका." समोर टपालाने आलेला एक लिफाफा पडला होता. त्याच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला. चार किलो कमी झाले तर वजनात इतक्या टक्क्यांची घट. श्रम वजनाच्या प्रमाणात. सबब 98 मिनिटांतून साडेसात मिनिटे वजा. वर बेकेले ह्यांची बर्लिनची कथा रंगवून सांगितली. पोर तल्लख; तिने तो लिफाफा उचलून नेला आणि आपल्या टेबलासमोर भिंतीला लावला.

दिवाळीपर्यंत तीन किलो गेले आणि पुढच्या शर्यतीत चार मिनिटे वाचली. ह्या यशानेच सगळा घात केला. औषध लागू पडले की मात्रा वाढविण्याचा मोह होतो. ती भात सोडू लागली, मग पोळी अर्धी करू लागली. फराळाचे ताट 'पोट भरलं' म्हणून सरकवू लागली. आमच्या पत्नीने दोनदा कुरकुर केली. आम्ही तिला 'शास्त्र आहे ते' म्हणून गप्प केले. मार्चमध्ये मुलीच्या नडगीत दुखू लागले. ती तशीच धावत राहिली. एके दिवशी जिना उतरताना ती पायरीवर बसली आणि तिला उठवेना. आत बारीक तडा गेलेला होता, आघाताने पडलेला नव्हे, झिजून पडलेला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण प्रश्न विचारण्यात मुरलेल्या. खाणे काय, झोप किती हे विचारून झाल्यावर त्यांनी आम्हांस बाहेर बसायला सांगितले. आतील प्रश्न आम्हांस नंतर पत्नीकडून कळला. मुलीचा मासिक धर्म सहा महिने बंद होता. ती कोणाला बोलली नव्हती. उलट, सराव चांगला चालल्याचीच ती खूण असे तिने मनाशी धरले होते. मग आम्हांस आत बोलाविण्यात आले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले ते असे: धावण्यात जेवढे जळते तेवढे खाण्यातून आले नाही, तर शरीर घाबरलेल्या गृहस्थासारखे एकेक खर्च बंद करू लागते. आज जगायला ज्याची गरज नाही ते आधी तोडते. प्रजननाचे काम थांबते, हाडांची डागडुजी थांबते, रक्त पातळ पडते, मन चिडचिडे होते. पूर्वी हा बायकांचाच विकार समजत. पुरुषांतही तो होतो हे लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये त्याला नवे, व्यापक नाव दिले. तरुण वयात जे हाड बांधले जायचे राहते ते पुढे पुरते भरून निघेलच असे नाही, हेही त्या बोलल्या. आणि शेवटी त्यांनी मुलीकडे पाहून विचारले, "वजन कमी करायला तुला कोणी सांगितलं?"

ती म्हणाली, "कोणी नाही. माझं मीच ठरवलं."

आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. वाचकहो, अठ्ठावीस वर्षे आम्ही फळ्यासमोर उभे राहून बोलत आलो आहो. पण त्या वेळी आमच्या तोंडातून अक्षर निघाले नाही. औषधाचा कागद घेतला, पैसे दिले, रिक्षा बोलाविली. घरी आल्यावर तिच्या टेबलासमोरचा लिफाफा कोणी काढला हे आम्ही विचारले नाही.

त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात दीड वर्ष बोलणे झाले नाही. ती खाऊ लागली, तडा भरून आला, पाळी परत सुरू झाली, असे पत्नीकडून कानावर येई. धावणेही पुन्हा हळूहळू सुरू झाले. ती आमच्याशी पूर्वीसारखीच बोलत होती. आम्हीच बोलताना वजन, आकडे, वेळ हे शब्द चुकवीत होतो. आणि गणिताच्या प्राध्यापकास हे शब्द चुकवून संसार करणे किती अवघड, हे ज्याचे त्यास ठाऊक.

तर पुन्हा त्या श्रावणी शनिवारकडे येऊ. पॅरिसचा मार्ग शहरातून व्हर्सायकडे जाऊन परत येणारा, आणि चढाचा होता. किपचोगे एकोणचाळीस वर्षांचे, बेकेले बेचाळीस वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, लंडनला बेकेले ह्यांनी 2 तास 4 मिनिटे 15 सेकंदांत दुसरा क्रमांक मिळविला होता. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी अशी वेळ तोवर कोणीच दिली नव्हती. म्हणून आम्ही आशेने पाहत होतो. पण अर्धे अंतर सरण्यापूर्वीच किपचोगे मागे पडले. कंबर धरली होती. तीस किलोमीटरनंतर ते थांबले आणि चालू लागले. दोन तासांच्या सीमेशी झुंजलेला माणूस प्रेक्षकांच्या घोळक्यातून सावकाश चालत होता. चेहरा शांत होता. वजन त्यांनी तसूभर वाढू दिले नव्हते. सरावात, आहारात, शिस्तीत कोठे उणे नव्हते.

आम्ही चमचा ताटात ठेवला. पाच वर्षांपूर्वी काढलेले आमचे ते सार, 'वय हाती नाही पण वजन आहे', तेथे त्या रस्त्यावर अर्धेच उरले होते. वयाचे काम निराळे चालते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वर्षागणिक खाली येते. शरीराला प्राणवायू वापरण्याची जी परमावधी असते ती तिशीनंतर बैठ्या माणसात दर दशकाला सुमारे एक दशांशाने घटते; जो सराव सोडत नाही त्याची घट निम्म्यावर येते, पण थांबत नाही. स्नायूंतील चपळ तंतू आधी जातात. स्नायुबंध एकदा दुखावले की पूर्वी आठवड्यात बरे होत, ते आता महिना मागतात. आणि गंमत अशी की, काट्यावर ह्यांतले काहीच दिसत नाही. विशीतले 60 किलो आणि पन्नाशीतले 60 किलो हा आकडा एकच. पण स्नायूची जागा मेदाने घेतलेली असते. तागडीला दगड आणि धान्य सारखेच. म्हणूनच उतरत्या वयाचा धावपटू तागडीकडे इतक्या आशेने पाहत असावा. बाकी सगळी खाती बंद होत असताना हे एक खाते असे असते की त्यात अजून आपला हात चालतो. आमच्यासारखा न धावणारा माणूस तर त्याहून पुढे जातो. स्वतःचे खाते बुडीत गेले की दुसऱ्याचे तपासायला बसतो.

वयाला कोणीच दाद देत नाही असे मात्र नाही. पोर्तुगालच्या कार्लोस लोपिश ह्यांनी 1984 साली लॉस अँजेलिसला ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली ती सदतिसाव्या वर्षी, आणि पुढच्याच वर्षी अडतिसाव्या वर्षी 2 तास 7 मिनिटे 12 सेकंदांचा विश्वविक्रम केला. रुमानियाच्या कॉन्स्तांतिना दित्सा ह्यांनी 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक घेतले तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. आणि आमचे सर्वांत आवडते म्हणजे कॅनडाचे एड व्हिटलॉक. पांढरे केस वाऱ्यावर उडत आहेत, अंग वाळक्या डहाळीसारखे. सत्तरी उलटल्यावर तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावणारे हे पहिले गृहस्थ. 2004 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ती 2 तास 54 मिनिटांत पुरी केली, आणि 2016 साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, चार तासांच्या आत. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीतील रस्त्यावर तासन् तास घातलेल्या फेऱ्या. आमचे पूर्वीचे मन लगेच म्हणाले असते, पाहा, हलके होते म्हणून. ते हलके होते हे खरे. पण हलके राहण्यासाठी ते धावत नव्हते, आणि गुडघा दुखला की महिनोन् महिने थांबण्याचा धीरही त्यांच्याजवळ होता.

पडद्यावर आता पुढची मंडळी पोहोचू लागली होती. इथिओपियाच्या तामिरात तोला ह्यांनी 2 तास 6 मिनिटे 26 सेकंदांत ऑलिंपिकचा नवा उच्चांक करून शर्यत जिंकली. त्यानंतर पुष्कळ वेळाने, एकोणचाळिसावे, बेकेले आले. वेळ 2 तास 12 मिनिटे 24 सेकंद. आपल्या उत्तम वेळेहून दहा मिनिटे उशिरा. पण ते आले. एकवीस वर्षांपूर्वी ज्या नगरीत हे दोन तरुण एकमेकांना हटवीत धावले होते, त्याच नगरीत एकजण चालत गेला आणि एकजण अडतिसांच्या मागून पोहोचला.

का कोण जाणे, त्या क्षणी आमची जीभ सुटली. आम्ही पडद्याकडेच पाहत म्हणालो, "त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं ना, तुला कोणी सांगितलं म्हणून. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. सांगितलं मीच होतं."

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिंड गार होतंय काका. खा आधी."

आम्ही खाल्ले. तिनेही आपल्या ताटातले एक दिंड संपवून दुसरे घेतले, वर तूप घेतले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबरच होता. मी पडताळून पाहिला होता. कुठे थांबायचं, तेवढं मात्र त्यात नव्हतं." एवढे बोलून ती ताटे उचलून आत गेली.

आम्ही त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. शिकविण्याच्या धंद्यात आम्ही आयुष्यभर नियम सांगत आलो, आणि नियम कोठवर लागू पडतो ती मर्यादा वेळ उरला तर शेवटच्या तासाला सांगत आलो. सम प्रमाणाची सरळ रेषा फळ्यावर दोन्ही बाजूंनी वाटेल तितकी वाढविता येते. मुलीच्या देहात ती एका बिंदूपाशी तुटते. हलके झाल्याने वेग वाढतो हे खरे, आणि एका टप्प्यापलीकडे जे हलके होते ते हाड असते, हेही तितकेच खरे. पहिले सत्य सांगून दुसरे न सांगणे ह्याला आम्ही इतकी वर्षे शास्त्र समजत होतो. छंदःशास्त्र आमच्याहून शहाणे निघाले. तेथे नुसत्या लघु अक्षरांवर वृत्ते सहसा उभी राहत नाहीत. जेथे आवाजाने टेकायचे तेथे गुरु अक्षर लागतेच.

आता आम्ही रविवारी सकाळी तिच्याबरोबर टेकडीला जातो. ती धावत वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. तेवढ्यात आम्ही एकदा वर पोहोचतो. आमचे वजन दीड किलोने उतरले आहे. हे सांगण्याचा मोह आवरायला हवा होता, पण सवय जात नाही. मागच्या आठवड्यात वर पोहोचलो तेव्हा ती दगडावर बसून शेंगदाण्याची चिक्की खात होती. आम्हांस धाप लागली होती. तिने हातातले घड्याळ पाहिले आणि आम्हांस किती मिनिटे लागली ते सांगण्यासाठी तोंड उघडले. मग काय मनात आले कोण जाणे, तिने ते सांगितले नाही. चिक्कीचा अर्धा तुकडा मोडून आमच्या हातावर ठेवला आणि सरकून बसायला जागा दिली.